कुंदाताई, खुर्चीवर तुझा हात होता

कुंदाताई, काल तुझी शोकसभा झाली. खुर्चीवर पांढरी चादर होती, पुढे उदबत्ती, बाजूला झेंडूचा हार, आणि फ्रेममध्ये तुझा हात. चेहरा नाही, हात. उजवा. अंगठा, करंगळी आणि मधे कापसाच्या जिनच्या रोलरनं खाऊन टाकलेली तीन बोटं. महाल भागातल्या आपल्या कार्यालयात शिरता शिरता मी ते पाहिलं आणि चपला काढायच्या आधी भांडायला उभी राहिले. ताप येऊन तू गेलीस त्याला पुरता आठवडाही झाला नव्हता. सभेत रडायचं असतं हे मला माहीत आहे. मला रडू आलंच नाही, संतापानं कान तेवढे गरम झाले.

देवीदासभाऊ, आपले सचिव, हळू आवाजात म्हणाले, "अगं, तिचा दुसरा फोटोच नाही आपल्याकडे. शोध शोध शोधला."

आणि ते खोटं बोलत नव्हते, हाच तर माझा संताप. इतकी वर्षं प्रत्येक मोर्चा, प्रत्येक धरणं, प्रत्येक वर्गणी गोळा करणारं पोरगं तू फोटोत धरलंस, आणि आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की हिच्या हातातलं यंत्र घ्यावं आणि हिचाही एक काढावा. फोटो काढणाऱ्याचा फोटो कोण काढतो? कोणी काढत नाही. मग माणूस गेल्यावर कपाट उघडतात आणि हाताशी येईल ते खुर्चीवर ठेवतात.

हे मी आपल्याच पत्रिकेला छापायला देते आहे. भाऊंनी कात्री लावली तर वेगळं पत्रक काढीन. पत्रक काढायचं शिक्षण मला त्यांनीच दिलं आहे.

तुझं नाव कळायच्या आधी मला तुझा हात माहीत होता. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात कॉलेजच्या भिंतीवर तो चिकटवलेला होता, खाली जाड अक्षरात 'जाब द्या'. मी जाब विचारायला संघटनेत आले. पहिल्या दिवशी कार्यालयात एका बाईनं माझ्यापुढे चहाचा ग्लास ठेवला आणि ग्लास धरणारा हात तोच होता. मी बघतच राहिले. तू म्हणालीस, "पाहून घे एकदाचा. मंग चहा पी, थंडा होऊन राहिला."

कळमन्याकडच्या त्या जिनमध्ये कापूस सारता सारता हात गेला तेव्हा संघटनेनं तुझ्यासाठी लढा दिला, हे खरं आहे आणि त्याचं श्रेय कोणाचं काढून घेत नाही. पण लढा संपल्यावर आम्ही तुला काय दिलं? चहाचा स्टोव्ह आणि पाकिटांवर चिकटवायची तिकिटं. हात मात्र भिंतीवर राहिला. प्रेसमध्ये त्याचा जस्ताचा ब्लॉक तयार होता, त्यामुळे विडी कामगारांच्या पत्रकावर तोच हात, महागाईच्या पत्रकावर तोच, गिरणीच्या बंदला तोच. तू म्हणायचीस, "माहा हात आता सगळीकडे कामाले जाते. मीच काय ते घरी बसून राहिली." सगळे हसायचे. मीही हसत असे. आता वाटतं, त्या वाक्यावर एक तरी ठराव व्हायला हवा होता. आम्ही तर बारीकसारीक कशावरही ठराव करतो.

कॅमेरा कपाटात टॉवेलात गुंडाळून पडला होता. कोण्या सहानुभूतीदार डॉक्टरांनी दिलेला, आणि तो चालवणारा मुलगा नोकरीला मुंबईला निघून गेलेला. तू मागितलास. भाऊ प्रेमानंच म्हणाले, ताई, ते दोन हातांचं काम आहे. तू दोन्ही हात त्यांच्यासमोर धरलेस आणि विचारलंस, हे किती दिसून राहिले?

ह्यापुढे मी तुझ्या कॅमेऱ्याबद्दल लिहिणार आहे आणि तुला ते आवडणार नाही. चिडायचं तर चिड. शोकसभेत तीन वक्त्यांनी तू 'अपंगत्वावर मात केलीस' असं म्हटलं, म्हणून मला हे लिहावंच लागतं. तू कशावरही मात केली नाहीस. तुझ्या हातात काही दोष नव्हता, तीन बोटं कमी होती एवढंच. दोष कॅमेऱ्यात होता आणि तू तो काढलास.

ज्यानं कोणी तो बनवला तो धरूनच चालला होता की फोटो काढायची इच्छा होणाऱ्या प्रत्येकाला उजव्या हाताला पाच बोटं असणार. शटरचा वेग ठरवणारी चकती वर, उजवीकडे, एखाद्या नाण्याएवढी, आणि दोन बोटांच्या चिमटीत धरल्याशिवाय हलायची नाही अशी घट्ट. शटरचं बटण त्याच बाजूला, डाळीएवढं. उजव्या हाताची पकड नाही म्हणजे कॅमेऱ्याचं सगळं वजन डाव्या तळव्यावर, आणि लेन्सवरच्या दोन रिंगा, उजेड किती घ्यायचा त्याची आणि अंतराची, फिरवायच्या त्याही डाव्याच हातानं. सगळं जग उजव्या पाच बोटांच्या मापानं बेतलेलं आणि वर तुलाच अपंग म्हणायचं. मी लगेच ह्यावर पत्रक लिहायला बसले होते. तू म्हणालीस, "पत्रक वाचून चकती फिरत असन तर लिही."

तू चकतीच बदललीस. इतवारीत शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडे मला बरोबर घेऊन गेलीस. तुला चकतीवर घट्ट बसेल असं पितळी कडं हवं होतं, त्याला एक शेपटी, म्हणजे अंगठ्यानं शेपटी ढकलली की चकती एक घर पुढे जाईल. पहिलं त्यानं नाजूक करून दिलं, बांगडीसारखं. तू परत केलंस. दुसऱ्याची शेपटी बटणावर येत होती, तेही परत केलंस. मग तो वैतागला. म्हणाला, बाई, इतकी किटकिट काहून? एखाद्या स्टुडिओवाल्याले बोलवा ना फोटो काढाले. तू दुकानातल्या उघड्या मशीनकडे बोट दाखवून विचारलंस, "तुमी मशीन उघडता तवा शेजाऱ्याचा हात मागता का गा?" तो हसला आणि तुझ्या अंगठ्याचं माप घेऊन त्यानं तिसरं कडं बसवलं. ते बसलं.

शटरच्या बटणावर तू कोटाचं मोठं काळं बटण पक्कं केलंस, म्हणजे तर्जनीचं जे उरलेलं पेर होतं त्यानं दाबता येईल. लेन्सच्या दोन्ही रिंगांना एकेक पितळी खुंटी, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेली. खुंटी सरळ खाली आली की समोरचं माणूस दोन हातांवर, थोडी डावीकडे गेली की चार हातांवर. आकडे तू पाहतच नव्हतीस. चकतीचं टकटक कानानं मोजायचीस आणि उजेड आभाळाकडे एकदा बघून ठरवायचीस, भाजीत मीठ घालावं तसा.

आणि ह्यावर कार्यकारिणीनं काय केलं ते इथे लिहिलंच पाहिजे, कारण काल कोणी बोललं नाही. 'संघटनेच्या मालमत्तेत परस्पर फेरफार' असा विषय बैठकीत घेतला. एका पाच बोटांच्या कार्यकर्त्यानं तक्रार केली होती की कॅमेरा हातात धरवत नाही, शेपटी टोचते. होय, तुझ्या हाताच्या मापाचं यंत्र त्याला दहा मिनिटं टोचलं, तर त्याची तक्रार बैठकीपर्यंत आली. तुला जे रोज टोचत होतं ते कोणत्या बैठकीत आलं होतं? तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "काढून टाकतो मी सगळं. पण उद्याच्या मोर्च्याचे फोटो कोण काढते, तेबी आत्ताच लिहून घ्या." विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. अजून तिथेच असेल.

मला राग येतो तेव्हा मी भिवापूरचा दिवस आठवते आणि राग अजून वाढतो, पण चांगल्या जातीचा.

मिरचीच्या सातऱ्यावर गेलो होतो आपण. सातरा म्हणजे मिरचीची देठं खुडायचं मोठं अंगण. बाया सकाळपासून लाल ढिगापुढे बसतात आणि संध्याकाळी हात असे जळतात की भाकरी थापवत नाही. मिरचीच्या धुळीनं मी कुंपणापाशीच शिंकायला लागले. शहरातून आधी एक फोटोग्राफर येऊन गेला होता. तो उभ्यानं डोळे बारीक करून रिंगा जुळवत राहिला, तोवर बायांनी पदर तोंडावर घेतले आणि ठेकेदार येऊन उभा राहिला. तू तसं काही केलं नाहीस. सरळ जाऊन ढिगाशी बसलीस आणि डाव्या हातानं देठं खुडायला लागलीस. कॅमेरा मांडीवर, पदराखाली. बोलता बोलता तुझा अंगठा शेपटी ढकलत होता, टक, टक. तुझेही डोळे वाहत होते, बारीकसं काही दिसत नसणार, पण खुंटीला डोळे लागत नव्हते.

भागीरथाबाई तिथल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी तुझा हात पाहिला आणि विचारलं, मिरचीनं खाल्ली का वं बोटं? तू म्हणालीस, "नाही वं माय, कापसानं." त्यांनी मान हलवली, जसं काही हे दोन्ही एकाच घरचे भाऊ. मग पदराखालचं यंत्र त्यांच्या नजरेस आलं.

"अन् एवढ्याशा हातानं हे कसं चालवतं?"

"तू नवऱ्याले चालवतं ना, तसंच. जास्त जोर नाही लावाचा, पण शेपटी सोडाची नाही."

सगळा सातरा हसला. शिंकत, खोकत, डोळे पुसत, पदर खांद्यावरून घसरलेले, हात लाल. आणि तू कॅमेरा वर उचललास नि त्याच हालचालीत फोटो काढलास. जुळवायचं सगळं आधीच जुळलेलं होतं. ठेकेदार आरडाओरडा करत येईपर्यंत कॅमेरा पुन्हा पदराखाली आणि तू त्याला विचारते आहेस, भाऊ, प्यायचं पाणी कुठी ठेवलं आहे ह्या बायांसाठी?

तसा फोटो आमच्या संघटनेत आधी कोणी काढला नव्हता. भाऊंनी तो उलटसुलट पाहिला आणि बाजूला ठेवला. "ह्या हसत आहेत. शोषण कुठे दिसतं?" मिरचीच्या पत्रकावर काय गेलं सांगू का वाचकहो? कुंदाताईचा हात. जिनमध्ये गेलेला हात मिरचीच्या पत्रकावर. भिवापुरात ते पत्रक वाटताना एका बाईनं मला विचारलं की मिरचीनं बोटंबी जातात का.

तू त्या वेळी भांडली नाहीस. घरी जाताना एवढंच म्हणालीस की तुह्या पत्रकातबी तेच आहे. सगळे पिळलेले, सगळे नाडलेले. कोणी जेवत नाही, कोणी कोणाची टिंगल करत नाही. अशा लोकाईसोबत मोर्च्यात चालाले कोण येईन वं? मी तणतणले. पण त्यानंतर मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकात एक तरी माणूस काहीतरी खाताना आहे. हे तुला सांगितलं नव्हतं. ऋण मानायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे. आता मानते.

आणि आता आपलं भांडण. ते मिटलेलं नाही आणि तू गेलीस म्हणून मी ते मिटलं असं म्हणणार नाही.

सीताबर्डीवर तुझ्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरत होतं. भरवणारी मंडळी भली होती. त्यांना तुझे फोटो भिंतीवर हवे होते आणि मधोमध काचेच्या पेटीत तुझा कॅमेरा, शेपटीसकट, खुंट्यांसकट, खाली दोन ओळी तुझ्या हाताबद्दल. तू नाही म्हणालीस. त्यांनी पेटीशिवाय तरी हाताचा उल्लेख करू द्या म्हटलं. तू प्रदर्शनच नाकारलंस.

मी तुझ्यावर किती चिडले होते! मी म्हटलं, अगं, गावोगाव जिनमध्ये, चारा कापायच्या यंत्रात, गिरण्यांत बोटं गेलेल्या बाया घरात बसून आहेत. त्यांनी तुझी शेपटी पाहिली तर त्या आपापली शेपटी बसवून घेतील. कॅमेऱ्याला, शिलाई मशीनला, सायकलच्या ब्रेकला. हे लपवून ठेवायचा तुला हक्क नाही. होय, हक्क नाही असंच म्हटलं मी, आणि आजही म्हणते.

तू स्टोव्हला पंप मारत होतीस. पंप मारायची थांबलीस.

"फोटो खराब निघाला तर म्हणतीन, बोटं नव्हते बिचारीले. चांगला निघाला तर म्हणतीन, बोटं नसून काढला. मंग फोटो कधी पाहतीन वं?"

मी म्हटलं, दोन्ही पाहतील. तू म्हणालीस, त्या भिंतीवरच्या हाताकडे पाहून सांग, कोणी दुसरं काही पाहिलं का आजवर. मी म्हटलं, म्हणून काय त्या घरात बसलेल्या बायांनी बसूनच राहायचं? तू म्हणालीस, त्याइले भेटाले मी जाईन, माह्या पायानं, कॅमेरा घेऊन, पेटीत बसून नाही. आणि तू जाणार होतीस. मौद्याकडच्या तशाच बोटं गेलेल्या एका बाईचं नाव आपण लिहूनही ठेवलं होतं. थंडी सरली की जाऊ, ठरलं होतं.

मग ताप आला. आणि मी तुझ्याशी अबोला धरून नव्हते, अजिबात नाही. रोज दवाखान्यात येत होते, रोज तेच भांडण पुढे चालवत होते. शेवटच्या संध्याकाळीही तू म्हणालीस की तू आता दुसरा मुद्दा काढ, हा घासून गुळगुळीत झाला. माझ्याकडे दुसरा मुद्दा होता, कुंदाताई. मला म्हणायचं होतं की मला तुझा फोटो काढायचा आहे, त्या कॅमेऱ्यानं, त्या शेपटीनं, मला टोचली तरी. पण तुला दम लागला होता आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

म्हणून काल खुर्चीवर हात पाहिल्यावर माझी जीभ सुटली. भाऊ म्हणत होते, हा हात म्हणजे आपल्या चळवळीचं प्रतीक आहे. मी म्हटलं, प्रतीकाला घेऊन स्मशानात जा, मी कुंदा भोयरच्या सभेला आले आहे. मी फ्रेम उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पिशवीतला सातऱ्याचा फोटो खुर्चीवर मांडला. मोठा करून आणला होता, आदल्याच दिवशी. भाऊ रागावले, पण माणूस वाईट नाही. थोडा वेळ फोटोकडे पाहिलं, मान हलवली, हार उचलला आणि फोटोला घालायला पुढे झाले.

मागच्या रांगेतून भागीरथाबाई उठल्या. सकाळच्या एस.टी.नं भिवापूरहून आल्या होत्या, बरोबर चार-सहा बाया.

"थांबा ना भाऊ. हार काहून घालता? आमी जित्या आहो."

हार घातलेला फोटो म्हणजे गेलेलं माणूस. एवढी साधी गोष्ट, आणि आम्हा शिकल्यासवरल्यांपैकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती, माझ्यासुद्धा नाही. भाऊंचे हात हवेत तसेच राहिले. दुसरी एक बाई म्हणाली, घालू दे वं, ठेकेदाराले वाटन मेल्या साऱ्या, उद्या सुट्टी भेटन. शोकसभेत हसू फुटलं, कुंदाताई. तोंडावर पदर धरून, पण फुटलं. भाऊ गोंधळले. त्यांना खरंच कळत नव्हतं काय करावं, आणि त्या गोंधळात त्यांनी तोच प्रश्न विचारला जो तुझ्या फोटोकडे पाहून आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं विचारायला हवा होता.

"पण मग ह्या फोटोत कुंदाताई कुठे आहे?"

भागीरथाबाई पुढे आल्या. फोटोतल्या स्वतःकडे बोट दाखवलं, मग शेजारणीकडे, मग त्या मागच्या पोरीकडे, जिचे दात दिसतात.

"आमी कोणाकडं पाहून हासून राहिलो मंग?"

भाऊंनी हार टेबलावर ठेवला आणि खाली बसले. त्यानंतरची भाषणं मी ऐकली नाहीत. मी फोटोतल्या बायांच्या डोळ्यांकडे बघत होते. सगळे डोळे एकाच जागी लागलेले, जमिनीपासून हातभर उंचीवर, जिथे तू बसली होतीस.

मिरचीचं नवं पत्रक शुक्रवारी प्रेसमध्ये जातं आहे. त्यावर हा फोटो जाईल, मी स्वतः उभी राहून छापून घेणार आहे. खाली एवढंच येईल: फोटो – कुंदा भोयर. हाताबद्दल त्यात अक्षर नसेल. हाताबद्दल, चकतीबद्दल, शेपटीबद्दल मला जे लिहायचं होतं ते मी इथे लिहिलं आहे, तुझ्या मर्जीविरुद्ध, मौद्याच्या त्या बाईनं वाचावं म्हणून. तेव्हा भांडण तू जिंकलीस असं समजू नकोस. मीही जिंकलेले नाही.